सटकाबाईंचा धुरा

सटकाबाईंनी मला पहिल्यांदा मारलं ते स्टीलच्या फुटपट्टीनं, माझा हात माऊसवर असताना, बोटांवर. नोकरीला लागून आठवडाही झाला नव्हता. इंजिनिअर झालेल्या, घोडी झालेल्या मुलीला ऑफिसात कुणी मारतं का? माझी आईसुद्धा कधी बोट लावत नव्हती. मी खुर्ची सरकवून उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग तीच फुटपट्टी स्क्रीनवर टेकवली आणि विचारलं, "हे तांबं इथून काहून नेलं वं?" मी पाहिलं. खरंच नेलं होतं. भांडण तिथंच मिटलं, बोटं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होती.

काय नेलं होतं ते सांगते, कारण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आमची कंपनी होती. आम्ही धर्मकाट्याचं इलेक्ट्रॉनिक्स बनवायचो. अख्खा ट्रक ज्यावर चढवून तोलतात, तो लोखंडी काटा. काट्याखालच्या खड्ड्यात आमचा एक बोर्ड, ऑपरेटरच्या केबिनमध्ये बटणांचा डबा, त्यात दुसरा बोर्ड, आणि दोघांमध्ये नेटवर्कची केबल. बोर्डावरची चिप वजनाचा आकडा केबलमध्ये ढकलते. पण चिप आणि केबल एकमेकींना थेट जोडायच्या नसतात. मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसतो, बोटाच्या पेराएवढी काळी पेटी. आतल्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, आकडा तेवढा पलीकडे पोचतो. बाहेर लोखंडात कुठून करंट उतरला तर तो या पेटीशी अडतो. म्हणून पेटीखालून तांब्याची एकही रेघ जाऊ द्यायची नाही, ती जागा कोरी ठेवायची. त्या कोऱ्या पट्ट्याला बाई धुरा म्हणतात. दोन शेतांमधला असतो, तो धुरा. मी तोच कोरला होता.

बाईंचं आडनाव मेश्राम. डिझाइनच्या प्रमुख, वय पन्नाशीचं, उंचीला माझ्या खांद्याशी, आवाज मात्र शेडच्या पलीकडच्या टपरीवर चहा सांगता येईल असा. सटकाबाई हे नाव त्यांच्या मशीनवरून पडलं. केबलच्या टोकातून बोर्डाला हजार-दीड हजार व्होल्टचा तडाखा द्यायचं ते मशीन, आणि त्या तडाख्याला बाई सटका म्हणतात. हे नाव त्यांना माहीत होतं. आवडतही असावं, कारण एकदा कुणीतरी चुकून मेश्राम मॅडम म्हणालं तर त्यांनी मागं वळून पाहिलं नव्हतं. बाईंना जाऊन आता दुसरं वर्ष चालू आहे. अजून मी कुणाशी बोलताना "बाई म्हणतात" असंच म्हणते, "म्हणायच्या" तोंडात येत नाही.

सटक्याची बाईंची एक रीत होती आणि ती जगात दुसऱ्या कुठल्या कंपनीत असेल असं मला वाटत नाही. ज्यानं बोर्ड काढला, त्यानं स्वतःचा लॅपटॉप त्या बोर्डाला जोडायचा. कंपनीचा नाही, स्वतःचा. मग बाई बटण दाबणार. धुरा नीट असेल तर काहीच होत नाही. नसेल तर टक्क आवाज येतो, जळका वास सुटतो आणि तुमचे घरचे फोटो, तुमचं सगळं, गेलं. माझा लॅपटॉप पहिल्याच महिन्यात गेला. वडिलांनी शिकायला घेऊन दिलेला. मी रडले, चिडले, हा मूर्खपणा आहे असं बाईंना तोंडावर म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुह्या लॅपटॉपसाठी तू रडून राहिली. काट्यावर जो माणूस बसते, त्याच्यासाठी कोण रडन?" मला तेव्हा ते ऐकवलं नाही. डोक्यात राख घालून मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुरा दुप्पट रुंद करून आणला.

दुसऱ्यांनाच नाही, स्वतःलाही त्या सोडत नसत. एकदा त्यांचाच बोर्ड सटक्याला फुटला, त्यांचाच लॅपटॉप बसला. बाईंनी खणातून हातोडी काढली, बोर्ड फरशीवर ठेवला आणि त्याचा पार भुगा केला. चिपचे तुकडे कपाटाखाली गेले, एक माझ्या सँडलमध्ये. मग केर काढला, हात धुतले आणि नवीन बोर्ड काढायला बसल्या. फुटलेला बोर्ड दुरुस्त करायचा नाही, नाहीसा करायचा, असं त्यांचं म्हणणं. दुरुस्त केला की तो कुठेतरी कुणाच्या तरी डब्यात जाऊन बसतो. शेडमधल्या लोकांना त्या हातोडीची सवय झाली होती.

मारामारीचं म्हणाल तर ती पेट्या पुरवणाऱ्या माणसाबरोबर झाली. प्रत्येक लॉटमधली एक पेटी बाई पकडीनं फोडून बघायच्या. एका लॉटमध्ये आत गुंडाळीच नव्हती. अलीकडच्या पिना पलीकडे साध्या तारेनं जोडून वर काळं प्लास्टिक ओतलेलं. तो माणूस समोर चहा पीत बसला होता. बाईंनी अख्खा खोका उचलून त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली, शर्ट लाल झाला. तो शिव्या देत उठला, बाईंनी त्याची कॉलर धरली, दोन माणसं मध्ये पडली तेव्हा सुटली. आणि पुढं काय? त्याच माणसाला बाईंनी आपल्या स्कूटीवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. टाके पडेपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहून त्याला सुनावत होत्या, डॉक्टरनं बाहेर काढलं तरी दारातून सुनावत होत्या. पुढच्या लॉटला त्यानं स्वतःच पेट्या फोडून आणून दाखवल्या.

हा राग कुठला, ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही. मला वाटायचं, स्वभाव. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी सांगितलं. सावनेर तालुक्यात त्यांच्या वडिलांचं थोडं शेत होतं. शेजारचा शेतकरी दर वर्षी नांगर धुऱ्यात घालायचा, वीतभर, टीचभर. एका वर्षी काकांनी त्याला अडवलं. त्यानं कुऱ्हाड घातली. बाई तेव्हा लहान होत्या, शिदोरी घेऊन आईबरोबर येत होत्या आणि त्यांनी ते बांधाच्या अलीकडून पाहिलं. काका धुऱ्यावरच आडवे झाले होते. "टीचभरच होतं वं," बाई म्हणाल्या आणि पुढं जेवल्या.

आमचे मालक वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला आवडत नाही, पण नव्हते. घाईचा माणूस. अमरावती रोडवरच्या वाडीच्या गोदामवाल्यांची मोठी ऑर्डर घेतली होती आणि नेमका तेव्हाच बाजारातून ट्रान्सफॉर्मर गायब झाला. कुठंच माल नाही. मालकांना कुणीतरी सांगितलं की पेटीशिवायही जमतं, मध्ये चार बारके कपॅसिटर टाकले की चिप केबलशी बोलते. खोटं नाही ते. टेबलावर बोलते, छान बोलते, हिरवा दिवा लागतो. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. मालकांनी मान डोलावली. मग आईच्या ऑपरेशनसाठी बाई सावनेरला गेल्या, आणि मालकांनी बाहेरच्या एका माणसाकडून बोर्ड काढून घेतला. बाई परत येईपर्यंत डबे वाडीत, कामठी रोडला, जिथल्या तिथं बसले होते.

बाई परत आल्या त्या दिवशी शेडमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी उरलेल्यांपैकी एक बोर्ड सटक्याच्या मशीनला लावला आणि मालकांना बोलावून सांगितलं, तुमचा लॅपटॉप जोडा. मालक हसले. बाईंनी पुन्हा सांगितलं. मालक म्हणाले, आता पोरखेळ पुरे, माल आला की बदलून देऊ. बाईंनी लॅपटॉपशिवायच बटण दाबलं. चिपचं टोपण उडून मालकांच्या कानाजवळून भिंतीवर आदळलं. धूर झाला. मालक पांढरेफटक पडले, पण माणूस घाबरला की जास्तच ताठ होतो. बाईंना म्हणाले, काट्यावर दीड हजार व्होल्ट कोण देणार आहे, तुम्ही जाणार का द्यायला?

दीड हजार नाही, पण बोर्ड फोडायला आणि माणूस मारायला पुरतील एवढे देणारे होते ना. आपल्याकडे ट्रकचा फाळका तुटला, हूक निघाला, की वेल्डिंग कुठं करतात? काट्यावर. सपाट, मजबूत, सोयीची जागा. वेल्डरच्या मशीनची केबल फाटलेली, त्यावर चिकटपट्टी, अर्थिंगचा पत्ता नाही. फाटकी केबल काट्याच्या कडेवर घासली की सगळा काटा जिवंत होतो. तिथून खड्ड्यातला बोर्ड, तिथून केबल, तिथून केबिनमधला पत्र्याचा डबा, आणि डब्याच्या बटणांवर ऑपरेटरची बोटं. मध्ये पेटी असेल तर ऑपरेटरला पत्ताही लागत नाही. नसेल तर, बारक्या कपॅसिटरची काय बिशाद? बाईंनी एकेका गोदामवाल्याला फोन करून हे सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच, मॅडम, तुमचा डबा मस्त चालून राहिला, कायले टेन्शन घेता.

मग कामठी रोडच्या एका काट्यावर अगदी हेच झालं. ऑपरेटर खुर्चीसकट मागं फेकला गेला. तळहाताची कातडी डब्याला चिकटून राहिली. जगला, पण तो हात काही दिवस कुणाला पाहवत नव्हता. मालक म्हणाले, वेल्डरची चूक. बाई सरळ आपल्या टेबलाशी गेल्या. खणातून हातोडी काढली, पर्समध्ये घातली, ती मावेना म्हणून हातातच धरली आणि मला म्हणाल्या, गाडी काढ.

दिवसभर आम्ही फिरलो. मी स्कूटी चालवत होते, बाई मागं हातोडी मांडीवर घेऊन. केबिनमध्ये शिरायचं, कंपनीची माणसं आहोत म्हणायचं, वायर उपटायची आणि डबा फोडायचा. कुठं लोक नुसतं बघत राहिले, कुठं आईबहिणीवरून शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी गोदामाच्या राखणदारानं माझा ओढणीसकट गळा धरला आणि बाईंनी हातोडी त्याच्या डोक्यावर उगारली तेव्हा सोडला. मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू, मला मजाही येत होती.

वाडीचा काटा सगळ्यात शेवटी. तिथला ऑपरेटर गजूभाऊ, चाळिशीचा, सरळ माणूस, ऑर्डरच्या वेळी खड्ड्याचं माप घ्यायला गेलो तेव्हा त्यानं आम्हाला स्वतःच्या डब्यातली पोळी खायला घातली होती. त्या वेळी ट्रकांची रांग अमरावती रोडपर्यंत लागलेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून कावलेले. काटा बंद पडला तर गजूभाऊची नोकरी गेली, हे त्यालाही माहीत आणि मलाही. त्यानं बाईंना हात जोडले, मालकाशी बोला म्हणाला, दारात आडवा उभा राहिला. बाईंनी त्याला ढकललं आणि डब्यावर पहिला घाव घातला. डबा चेपला पण चालू राहिला, आकडा दिसत होता. गजूभाऊचं डोकं फिरलं. दाराशी टायर खोलायची टॉमी पडली होती, चांगली हातभर लोखंडी. ती त्यानं उचलली आणि बाईंच्या उजव्या मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी तुराटी मोडावी तसा. हातोडी खाली पडली. तोवर ड्रायव्हर आत घुसले होते, कुणी चोर म्हणत होतं, कुणी पागल. बाईंना खाली पाडून लाथा घालायला लागले. मी त्यांच्या अंगावर पडले, मग माझ्या बरगड्यांत बसल्या. मी ओरडत होते, बाई ओरडत नव्हत्या. त्या माझ्या खालून सरपटत निघाल्या, डाव्या हातानं हातोडी उचलली आणि गुडघ्यावर बसून डब्यावर घालत राहिल्या. बटणं उडाली, बोर्डाचे तुकडे झाले, केबल निसटून टेबलावर लोंबायला लागली. तेव्हा कुठं त्या थांबल्या. लोकही थांबले. रक्त बघून थांबले असतील.

मालकांनी त्यांना काढून टाकलं आणि पोलिसात तक्रार दिली. हवालदार दवाखान्यात विचारायला आला, हात कुणी मोडला. बाई म्हणाल्या, पडले. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं. बाहेर आल्यावर मी फार भांडले त्यांच्याशी. तुम्ही ज्याचा जीव वाचवायला गेलात त्यानंच तुमचा हात मोडला आणि त्याचं नाव सांगत नाही, हे कसलं शहाणपण? त्या एवढंच म्हणाल्या की त्याच्या हातात काम होतं आणि आपण ते फोडलं, त्याला दुसरं काय सुचणार.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या इंदोऱ्याच्या घरी बसले होते, वरणभात कालवून देत होते, तेव्हा दारात गजूभाऊ आला. चप्पल बाहेर काढली, आत येऊन फरशीवर बसला. काटा बंदच होता, तो सांगायला लागला. बंद म्हणून लोक रोज काट्यावरच वेल्डिंग करत होते. त्याच दिवशी सकाळी गजूभाऊ केबिनच्या दारात तंबाखू मळत उभा होता. आत टेबलाखाली त्याचा कुत्रा झोपला होता, टेबलाच्या लोखंडी पायाला पाठ लावून. निसटलेल्या केबलचं टोक टेबलावर पडलेलं. एकदम चर्रर आवाज झाला, टोकाशी ठिणग्या उडाल्या. कुत्रा एकदाच केकाटला आणि ताठ झाला.

गजूभाऊनं टोपी मागं सरकवली. तो म्हणाला, काटा चालू असता तर त्या वेळी आपली बोटं त्याच जागी असती. मग त्यानं उजवा हात बाईंच्या पुढं केला. "मॅडम, ह्याच हातानं मारलं मी तुमाले. तोडा. मी हूं का चूं करणार नाही."

बाईंनी त्या हाताकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "वायर कापली का तू?"

गजूभाऊला कळेना. नाही म्हणाला, ती तशीच आहे, टेबलावर. वेल्डर काम करून राहिले. तो कुत्र्याला पुरून तसाच इकडं आला होता.

बाईंनी डाव्या हातानं त्याच्या अशी कानशिलात दिली की त्याची टोपी उडून चुलीपाशी गेली. "माफी मांगाले आला, वायर तिथंच जित्ती ठेवून? तुह्या खुर्चीवर आता कोण बसून असन?"

ताट तसंच राहिलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, बाई गजूभाऊच्या मोटारसायकलवर मागं बसल्या, मी स्कूटीवर मागोमाग. आम्ही वाडीला पोचलो. केबिनमध्ये खरंच कुणीतरी बसलं होतं. कुठल्या तरी ट्रकचा क्लीनर, ऊन चुकवायला खुर्चीवर पाय वर घेऊन पेंगत होता, कोपर टेबलापासून टीचभर लांब. बाईंनी आधी वेल्डरचं मशीन बंद करवलं, मग त्या पोराला बखोटीला धरून बाहेर काढलं. मग गजूभाऊला पकड दिली, कुठं धरायचं, कुठं कापायचं ते सांगितलं. खड्ड्याच्या बाजूनंही कापून घेतलं.

सगळं झाल्यावर बाई त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं आता मालकाला शिव्या घालतील, वेल्डरला घालतील, मला तरी घालतील. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि त्यांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मनगट मोडलं तेव्हाही नाही.

"लय दुखून राहिलं वं, पोरी," त्या म्हणाल्या.

तो हात पुन्हा कधी पुरता मिटला नाही, पेनसुद्धा धरता आलं नाही, पण ते आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी गजूभाऊ दारात पाठ करून उभा होता, खांदे हलत होते. मी खाली बसले आणि बाईंचा डावा हात धरला. गजूभाऊच्या गालावर पडलेला तो हात अजून लाल होता.